देश सुटतो, कर सुटत नाही

परदेशात राहणाऱ्या अमेरिकनांच्या गप्पा स्वस्त घरभाडे आणि डॉक्टरच्या माफक बिलापासून सुरू होतात आणि हमखास कराच्या फॉर्मवर येऊन अडतात. आपला माणूस दुबईला जाऊन ‘एनआरआय’ झाला की तिथल्या पगारावर भारतात कर लागत नाही. अमेरिकेचा कर मात्र पत्त्याला नव्हे, नागरिकत्वाला चिकटलेला. असा दुसरा देश शोधायला गेलात तर आफ्रिकेतला इरिट्रिया सापडतो!

याचे मूळ यादवी युद्धात आहे. 1861 च्या कायद्यात 800 डॉलरवरच्या उत्पन्नावर 3 टक्के कर होता. पण परदेशी राहणाऱ्या नागरिकाच्या अमेरिकेतल्या मालमत्तेच्या उत्पन्नावर 5 टक्के. देश लढतोय आणि हे मजेत युरोपात, असा राग त्यामागे होता. 1864 मध्ये त्यांची जगभरची कमाईच कराखाली आली. युद्ध संपले, 1872 मध्ये तो करही गेला, पण 1913 मध्ये प्राप्तिकर परतला तेव्हा हे कलम सोबत आले. मेक्सिकोत राहणाऱ्या कुक नावाच्या नागरिकाने त्याला आव्हान दिले. 1924 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, नागरिक कुठेही असो, सरकारचा त्याला लाभ मिळतोच. तेव्हा कर भरा.

प्रत्यक्षात बहुतेकांना फारसे पैसे भरावे लागत नाहीत. परदेशातल्या कमाईला 1926 पासून सूट आहे (2025 साठी 1 लाख 30 हजार डॉलर), शिवाय तिकडे भरलेल्या कराची वजावट मिळते. छळतो तो कागदपत्रांचा पसारा. परदेशी खात्यांत मिळून 10 हजार डॉलरच्या वर रक्कम गेली की वेगळा अहवाल. ही तरतूद 1970 च्या कायद्यातली.

खरा फास आवळला 2010 मध्ये. स्विस बँकांतला दडवलेला पैसा उघडकीस आल्यावर ‘फॅटका’ कायदा झाला. जगभरच्या बँकांनी अमेरिकन खातेदारांची माहिती द्यावी, नाहीतर अमेरिकेतून येणाऱ्या पैशातले 30 टक्के कापले जातील. रोख करबुडव्या धनिकांवर होता, पण युरोपातल्या अनेक बँकांनी साध्या अमेरिकन शिक्षकालाही दार दाखवले. नागरिकत्व सोडणाऱ्यांची संख्या वाढली आणि सोडायचे शुल्क 2014 मध्ये 450 वरून 2,350 डॉलर झाले. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले बोरिस जॉन्सन लंडनचे महापौर असताना, तिथल्याच घराच्या विक्रीवर अमेरिकेने कर मागितला म्हणून संतापले होते; पुढे त्यांनीही ते नागरिकत्व सोडले.

भारताने जुलै 2015 मध्ये अमेरिकेशी याबाबत करार केला. तेव्हापासून पुण्यात खाते उघडतानाही, आपण अमेरिकेचे करदाते आहोत की नाही हे सांगणाऱ्या फॅटकाच्या घोषणेवर सही करावी लागते. आपण ती न वाचताच करतो. आईवडिलांच्या अमेरिकेतल्या नोकरीत तिथे जन्मलेल्या, म्हणून जन्माने अमेरिकन नागरिक असलेल्या आणि दुसऱ्या वर्षी कोथरूडला परतलेल्या मुलाला मात्र म्युच्युअल फंडाचा अर्ज भरताना तिथेच थांबावे लागते. काही फंड कंपन्या त्याचे पैसे घेतच नाहीत.