मोंतेरिज्जोनी : गाव पाहण्याआधी वाचण्यासाठी

इटलीतल्या आमच्या टस्कनी सहलीत सिएनाला पोहोचण्याआधी आपण मोंतेरिज्जोनीला थांबतो. गाव इतके लहान आहे, की एका दरवाजाने आत शिरलेला माणूस काही मिनिटांत दुसऱ्या दरवाजाने बाहेर पडतो. तसे होऊ नये, म्हणून हे माहितीपत्रक.

जुनी गावे सहसा घराला घर जोडत वाढतात. हे मात्र ठरवून वसवलेले लष्करी ठाणे आहे. सिएना आणि फ्लॉरेन्स ही नगरराज्ये तेव्हा एकमेकांची हाडवैरी होती. सरहद्दीवर पहारा हवा म्हणून सिएनाने १२१३ ते १२१९ या काळात ही टेकडी तटबंद केली. सुमारे ५७० मीटरचा तट, चौदा चौकोनी बुरूज आणि दोनच दरवाजे : एक फ्लॉरेन्सकडचा, दुसरा सिएना-रोमकडचा. आत चौक, विहीर आणि सांता मारिया आस्सुंता हे तेराव्या शतकातले साधे दगडी चर्च. तटालगतच्या परसबागा जरूर पाहा. वेढा पडला की त्यांचाच आधार असे.

खालून रोमकडे जाणारी 'व्हिया फ्रांचिजेना' ही यात्रेकरूंची वाट गावाहूनही जुनी. जवळच्या आब्बादिया इझोला मठाची स्थापना १००१ची.

महाकवी दान्तेने हे बुरूज अजरामर केले. 'डिव्हाइन कॉमेडी'तल्या 'इन्फर्नो'च्या ३१व्या सर्गात नरकातल्या विवराच्या काठावर उभे असलेले राक्षस त्याला मोंतेरिज्जोनीच्या तटावरच्या बुरुजांसारखे दिसतात.

१५५४मध्ये ठाणे पडले, तेही न लढता. फ्लॉरेन्सहून हद्दपार झालेला कप्तान जोव्हानीनो झेती इथला किल्लेदार होता. तोच फितला आणि त्याने किल्ला शत्रूच्या हवाली केला. पुढच्या वर्षी सिएनाही शरण गेले. सरहद्दच उरली नाही, तेव्हा ठाण्याची गरजही संपली. गाव तटाबाहेर वाढले नाही आणि आज जवळपास अखंड दिसते, त्याचे मुख्य कारण आम्हाला हेच वाटते.

भोवतालच्या उतारांवर द्राक्षमळे आणि ऑलिव्हच्या बागा आहेत. 'कियांती कोल्ली सेनेझी' ही इथली लाल वाइन मुख्यतः सांजोव्हेझे द्राक्षांची. चव जराशी आंबट-तुरट लागते, म्हणून ती जेवणासोबतच घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. सप्टेंबरच्या सहलीत द्राक्षांची तोडणीही बघायला मिळू शकते.

बस टेकडीच्या पायथ्याशी थांबते. वर चालत जावे लागते. गुडघेदुखी असणाऱ्यांनी आधी कळवावे. तटावर चढण्यासाठी तिकीट लागते, ते जरूर काढा : मळ्यांचा खरा पसारा तिथूनच दिसतो.