न्यू जर्सीचं पब्लिक हायस्कूल: प्रवेश, खेळ, बँड आणि क्लब यांसाठी पात्रता आणि कागदपत्रं

एडिसन, साउथ ब्रन्स्विक, वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो, ब्रिजवॉटर. मध्य न्यू जर्सीच्या या उपनगरांत मराठी कुटुंबं राहायला येतात ती बहुतेक वेळा शाळा बघूनच. भाडं परवडतं का, स्टेशन किती लांब, शाळेचं नाव कसं, एवढं पाहून घर ठरतं. मूल लहान असेल तर तेवढ्यानं भागतं. मूल आठवी-नववी-दहावीचं असेल तर मात्र दोन वेगळी कामं समोर असतात. शाळेत नाव घालणं हे एक, आणि खेळाचा संघ, मार्चिंग बँड, रोबोटिक्स, डिबेट यांत त्याला शिरकाव मिळवून देणं हे दुसरं. पहिलं काम हक्काचं आहे, त्यात थोडा उशीर झाला तरी चालतं. दुसऱ्या कामाला तारखा आहेत, आणि त्यातली पहिली तारीख शाळा भरण्याच्या आधी, ऑगस्टमध्येच येऊन जाते. नव्यानं आलेल्या मुलाला मित्र मिळतात ते बहुधा शाळा सुटल्यानंतरच्या या दोन तासांत. म्हणून ही तारीख हुकू नये असं मला फार वाटतं.

प्रवेश कुणाला मिळतो

पब्लिक शाळा मोफत आहे आणि ती पत्त्यावरून ठरते. ५ वर्षांवरचं आणि २० वर्षांखालचं मूल आईवडिलांसोबत त्या टाउनशिपमध्ये राहत असेल तर शाळेला प्रवेश द्यावाच लागतो. साउथ ब्रन्स्विकमध्ये एकच मोठं हायस्कूल आहे. एडिसनमध्ये एडिसन हाय आणि जे. पी. स्टीव्हन्स अशी दोन आहेत, वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोमध्ये नॉर्थ आणि साउथ अशी दोन. दोनांपैकी कुठली, हेही घराच्या पत्त्यावरून ठरतं. म्हणून लीजवर सही करण्याआधी डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, ऑफिसला तो पत्ता सांगून विचारून घ्या. भाड्याच्या जाहिरातीत लिहिलेल्या शाळेवर विसंबू नका.

एच-४ आणि एल-२ व्हिसावरच्या (म्हणजे एच-१बी किंवा एल-१ वर नोकरी करणाऱ्या पालकांसोबत आलेल्या) मुलांना कसलीही अडचण नाही. किंबहुना शाळेनं व्हिसाची कागदपत्रं, सोशल सिक्युरिटी नंबर किंवा इन्कम टॅक्स रिटर्न मागायचेच नाहीत, असा न्यू जर्सीचा नियम आहे. इमिग्रेशनच्या कारणावरून मुलाला शाळेबाहेर ठेवता येत नाही, हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८२चा निकाल त्यामागे आहे.

अपवाद एकच, आणि तो आपल्याकडच्या घरांत वारंवार निघतो. "मावशी तिकडे आहे, तिच्याकडे ठेवून हायस्कूल करू या." हे इतकं सरळ नाही. पर्यटक व्हिसावर शाळेत शिकता येत नाही. एफ-१ विद्यार्थी व्हिसावर पब्लिक हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त १२ महिने शिकता येतं, आणि डिस्ट्रिक्टला येणारा पूर्ण खर्च कुटुंबानं आधी भरावा लागतो. नववी ते बारावी मावशीकडे राहून मोफत करायचा बेत असेल तर तो इथेच सोडून द्या.

पत्ता आणि ओळख

पत्त्याचा पुरावा म्हणून लीज, वीज-गॅसचं बिल, बँकेचं पत्र, घर स्वतःचं असेल तर मालमत्ता कराचं बिल चालतं. आल्याआल्या कुणा नातेवाइकाकडे किंवा कंपनीनं दिलेल्या घरात राहत असाल आणि लीज तुमच्या नावावर नसेल, तरी घाबरू नका. अमुक एकच कागद आणा असं शाळेला म्हणता येत नाही, सगळे पुरावे एकत्र बघावे लागतात. घरमालकाचं किंवा त्या नातेवाइकाचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा. प्रवेश नाकारला तर लेखी कारण मागून घ्या. त्यावर राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे २१ दिवसांत अपील करता येतं.

जन्मदाखला महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा चालतो. फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. तो लगेच हाताशी नसेल तरी प्रवेश अडत नाही, ३० दिवसांत द्यायचा असतो. पासपोर्ट, जन्मदाखला आणि गुणपत्रिका या तिन्हींवर मुलाचं नाव एकाच क्रमानं आहे का, हे निघण्यापूर्वी तपासा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आणि इथल्या संगणकात तेच मुलाचं पहिलं नाव होऊन बसतं.

लसी: सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग

हायस्कूलसाठी धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची मोठ्या वयातली लस म्हणजे टीडॅप, पोलिओ, एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला), हेपटायटिस बी, कांजण्या आणि मेनिंगोकोकल (एका प्रकारच्या मेंदूज्वरावरची) या लसींच्या नोंदी लागतात. भारतातून येताना त्यात ठरावीक ठिकाणी गाडी अडते.

गोवराची लस आपल्याकडे नवव्या महिन्यात देतात. इथे पहिल्या वाढदिवसानंतर दिलेलाच डोस धरतात, त्यामुळे कार्डावर दोन डोस दिसत असूनही शाळेची नर्स एकच मोजते. दुसरं म्हणजे सरकारी दवाखान्यात बऱ्याच मुलांना एमआर मिळालेली असते, म्हणजे गोवर आणि रुबेला. त्यात गालगुंडाची लस नसते, आणि इथे तीही हवी. मेनिंगोकोकल आपल्याकडे सहसा कुणी देत नाही. कांजण्यांची लस खासगी डॉक्टरांकडेच घेतलेली असेल तर असते.

तारखांचं तर विचारूच नका. कार्डावर ०५/०८ लिहिलं असेल तर आपण ते ५ ऑगस्ट वाचतो, इथली नर्स ८ मे वाचते. मग दोन डोसांतलं अंतर कमी दिसतं आणि डोस बाद होतो. मुलाच्या बालरोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर सगळे डोस नव्यानं इंग्रजीत लिहून घ्या, महिना अक्षरांत, खाली सही-शिक्का. राहिलेले डोस शक्य असतील तर भारतातच घेऊन टाका. परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याला नोंदी सादर करायला ३० दिवसांची सवलत मिळू शकते, पण ती संपली की नर्स मुलाला घरी पाठवू शकते.

क्षयरोगाची तपासणीही भारतातून आलेल्या मुलांना बहुधा सांगतात. आपल्या मुलांना बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावर टोचून केलेली चाचणी क्षय नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची चाचणी, जिला आयजीआरए म्हणतात, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. डॉक्टरांकडे तीच मागा. नाहीतर विनाकारण एक्स-रे आणि आठवडाभराची धावपळ मागे लागते.

इयत्ता आणि क्रेडिट

मागच्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला आणा. मराठी माध्यम असेल तर भाषांतरासह. शिवाय जुन्या शाळेकडून विषयांची यादी आणि प्रत्येक विषयाचे आठवड्याचे तास लिहून घ्या. हा कागद कुणी मागत नाही, पण काउन्सेलरला, म्हणजे मुलाचे विषय ठरवणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराला, भारतातली नववी समजावून सांगायला त्याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला किमान १२० क्रेडिट लागतात. वर्षभराच्या एका विषयाचे साधारण ५ क्रेडिट असतात, आणि तुमच्या गुणपत्रिकेवरून किती मान्य करायचे हे शाळा ठरवते. घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता असं फॉर्मवर लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होऊ शकते. त्यात लपवण्यासारखं काही नाही, खरं तेच लिहा.

खेळ: तारीख ऑगस्टची

इथे खेळाचे तीन हंगाम असतात. फॉलमध्ये, म्हणजे शरदात, अमेरिकन फुटबॉल, सॉकर (आपला फुटबॉल), क्रॉस कंट्री (मोकळ्या मैदानातली लांब पल्ल्याची धाव), मुलींचं टेनिस. हिवाळ्यात बास्केटबॉल, पोहणं, कुस्ती, फेन्सिंग. स्प्रिंगमध्ये ट्रॅक, बेसबॉल, मुलांचं टेनिस. फॉलचा सराव ऑगस्टमध्ये सुरू होतो, आणि त्यासाठीचे फॉर्म शाळा त्याच्या कितीतरी आधी मागतात. जूनमध्ये उतरलेलं कुटुंब घर लावण्यात गुंतलेलं असतं आणि ही मुदत निघून जाते.

मुख्य कागद म्हणजे स्पोर्ट्स फिजिकल, खेळण्याआधीची वैद्यकीय तपासणी. राज्याचा ठरलेला फॉर्म आहे, भारतातल्या डॉक्टरांचं 'फिट' असल्याचं पत्र त्याच्या जागी चालत नाही. तपासणी पहिल्या सरावाच्या आधीच्या ३६५ दिवसांतली हवी. ती ९० दिवसांपेक्षा जुनी असेल तर मधल्या काळात काही दुखणं झालं का, याची वेगळी प्रश्नावली भरावी लागते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी खेळाडूंच्या हृदयतपासणीचं राज्याचं प्रशिक्षण पूर्ण केलेलं असावं लागतं आणि तशी नोंद फॉर्मवर असते. शेवटची मंजुरी शाळेचे डॉक्टर देतात, त्यालाही दिवस लागतात.

फॉर्मचा पहिला भाग आईवडिलांनी मुलासोबत बसून भरायचा असतो. त्यात घरात कुणाचा कमी वयात अचानक मृत्यू झाला होता का, कुणाला हृदयाचा आजार होता का, असे प्रश्न आहेत. 'नाही, नाही, नाही' असं झरझर भरू नका. आजी-आजोबांना फोन लावा आणि विचारा. चुलत आजोबा तिशीत कशानं गेले हे आपल्या पिढीला पुष्कळदा ठाऊकच नसतं, आणि हा प्रश्न मुलाच्या जिवासाठीच विचारलेला आहे.

याखेरीज डोक्याला मार लागण्याबद्दलचं माहितीपत्रक, हृदयविकाराच्या धोक्याचं पत्रक आणि उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीची संमती यांवर पालक आणि विद्यार्थी दोघांच्या सह्या लागतात.

पात्रतेचे नियम राज्याची क्रीडा संघटना एनजेएसआयएए ठरवते. १ सप्टेंबरच्या आधी १९ वर्षं पूर्ण झालेला विद्यार्थी खेळू शकत नाही. नववीत प्रवेश केल्यापासून सलग आठ सत्रांपुरतीच पात्रता असते. नववीच्या पहिल्या सत्रात अभ्यासाची अट नाही. दहावीपासून पुढे आदल्या वर्षी ३० क्रेडिट, आणि दुसऱ्या सत्रासाठी पहिल्या सत्रात १५ क्रेडिटइतकं काम उत्तीर्ण असावं लागतं. म्हणजे गुणपत्रिकेचा गुंता खेळाच्या मैदानापर्यंत पोचतो. मूल दहावी-अकरावीत दाखल होत असेल तर अॅथलेटिक डायरेक्टरला (शाळेच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाला) पहिल्याच आठवड्यात भेटा आणि भारतातली वर्षं कशी धरली ते विचारून घ्या. शाळा बदलली की काही काळ खेळता येत नाही असाही नियम आहे, पण आईवडिलांसह खरोखर घर बदललेल्या मुलाला तो आड येत नाही.

मोठ्या शाळेत संघात जागा थोड्या आणि मुलं पुष्कळ. बास्केटबॉल-टेनिसच्या निवड चाचणीत बरीच मुलं गळतात. क्रॉस कंट्री आणि ट्रॅकमध्ये बहुतेक शाळा कुणाला वगळत नाहीत. नव्या मुलासाठी माझी पसंती त्यालाच. क्रिकेट राज्य संघटनेच्या खेळांत नाही.

बँड आणि क्लब

मार्चिंग बँडचा कॅम्पही ऑगस्टमध्येच असतो, आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी शाळेच्या वेळापत्रकात बँड हा विषय घेतलेला असावा लागतो. तबला वाजवणाऱ्या मुलानं बँड डायरेक्टरला जरूर भेटावं. बोल आणि लय अंगात असलेला मुलगा तालवाद्यांच्या विभागात लवकर रुळतो, पण नोटेशन वाचायला शिकावं लागेल हे आधीच सांगून ठेवा.

मॉडेल यूएन (संयुक्त राष्ट्रांची अभिरूप सभा), डेका (व्यवसाय-स्पर्धांचा क्लब), सायन्स ऑलिम्पियाड, रोबोटिक्स, डिबेट या क्लबांना फिजिकल लागत नाही. सप्टेंबरमध्ये क्लब फेअर होतो, तिथे टेबलावर नाव लिहिलं की झालं. सायन्स ऑलिम्पियाड आणि डिबेटच्या संघांना मात्र चाचणी असू शकते. हवा तो क्लब नसेल तर विद्यार्थ्यांना स्वतः सुरू करता येतो. सल्लागार म्हणून एक शिक्षक तयार करायचा आणि शाळेचा अर्ज भरायचा. क्रिकेटची सोय बऱ्याचदा याच वाटेनं होते. खेळ-क्लबांसाठी शुल्क आकारणाऱ्या शाळांत अडचण असलेल्या कुटुंबांना माफी मिळते का, हे मोकळेपणानं विचारा.

नॅशनल ऑनर सोसायटी, म्हणजे हुशार विद्यार्थ्यांचा मानाचा गट, हा क्लब नव्हे, तिथे निवड होते. किमान सरासरी ४ पैकी ३ हवी, बऱ्याच शाळा त्याहून जास्त मागतात. त्या शाळेत किमान एक सत्र काढलेलं असावं लागतं, आणि सेवाकार्याचे तास लिहून दाखवावे लागतात. ते तास पहिल्या दिवसापासून वहीत नोंदवा.

एच-४ वरच्या मुलांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. पगाराचं काम करता येत नाही, उन्हाळी इंटर्नशिपचं मानधनसुद्धा नाही. ग्रंथालयात, फूड बँकेत, मंडळाच्या मराठी शाळेत विनामोबदला सेवा करता येते. आणि बँडची सहल कॅनडाला निघाली तर पैसे भरण्याआधी व्हिसाची स्थिती वकिलाला विचारा.

राज्याचं द्विभाषिक प्राविण्याचं मानचिन्ह, सील ऑफ बायलिटरसी, हायस्कूलच्या डिप्लोमासोबत मिळतं. इंग्रजीबरोबर दुसऱ्या भाषेत बोलणं, ऐकणं, वाचणं, लिहिणं दाखवावं लागतं, आणि मराठीतही ही परीक्षा देता येते. बोलण्यात मुलं तरून जातात, देवनागरीत लिहिताना अडतात. अकरावीतच वर्ल्ड लँग्वेजच्या सुपरवायझरला मेल करून परीक्षेची तारीख आणि फी विचारून ठेवा.