संत्र्याचे दोन बहार आणि विम्याचा निकष : पार्श्वभूमी

नागपुरात संत्र्याची लागवड भोसलेकाळात सुरू झाल्याचे सांगितले जाते. पुढे काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि त्यापलीकडे वरूड-मोर्शीपर्यंत बागा पसरल्या, आणि २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळाच्या (अनेक गावांच्या गटाच्या) हवामान-नोंदीवर ठरावी की गावाच्या, असा वाद आज चालू आहे. त्याची पार्श्वभूमी मात्र गेल्या काही दशकांत मृग बहाराकडून (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याकडून) आंबिया बहाराकडे (हिवाळ्याच्या शेवटच्या फुलोऱ्याकडे) झालेल्या कलात आहे.

मृगासाठी झाडाला ताण (फुले यावीत म्हणून पाणी तोडणे) बसतो तो एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, आणि तो तुटतो जूनच्या पावसाने. वळवाचा पाऊस मेमध्येच झाला तर ताण अर्धवट राहून फूट विरळ येते. पाऊस लांबला किंवा पहिल्या सरींनंतर खंड पडला तर फुले आणि कोवळी फळे गळतात. आंबियात डिसेंबरच्या थंडीतला ताण बागाईतदार जानेवारीत ओलीत करून स्वतः तोडतो, त्यामुळे हा बहार तुलनेने हातातला वाटतो. मात्र त्याची फळे वाढत असतात ती ऐन उन्हाळ्यात, विहिरी खोल जातात त्याच महिन्यांत. बोअरवेल वाढल्या म्हणून आंबिया शक्य झाला, आणि वरूड-नरखेडच्या भूजलाचा उपसा वाढला. भारी काळ्या जमिनीत अडचण उलटी असते : ओल लवकर हटत नाही, डिसेंबरात ढगाळी पाऊस झाला तर ताण बसतच नाही, आणि ऑगस्टमध्ये झड लागली की मुळे सडून फळगळ सुरू होते.

हवामानावर आधारित फळपीक विमा २०१६ मध्ये नव्या रूपात आला, तेव्हा दोन्ही बहारांना स्वतंत्र संरक्षण देण्यात आले, आणि ते योग्यच होते. वादाचा मुद्दा मोजमापाचा आहे. भरपाई ठरवताना बाग पाहिली जात नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद ठरलेल्या तारखांमध्ये ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली, तरच रक्कम देय होते. या पद्धतीच्या बाजूने दिला जाणारा युक्तिवाद निराधार नाही : हजारो बागांचे पंचनामे करण्यात महिने जातात, त्यात माणसागणिक फरक पडतो, आणि यंत्राच्या नोंदीवर प्रभाव टाकता येत नाही. परंतु मे-जूनचा पाऊस पट्ट्यापट्ट्याने पडतो. केंद्राच्या गावी सर आली आणि चार कोसांवरचे शिवार कोरडे राहिले, तर त्या शिवारातील बागाईतदाराची फुले गळूनही कागदावर पाऊस पुरेसा ठरतो. शिवाय फळगळ ही एका दिवसाच्या पावसाने नव्हे, तर जमिनीत कितीक दिवस पाणी साचून राहिले त्यावर ठरते, आणि तो निचरा पर्जन्यमापकाला दिसत नाही. मंडळाऐवजी गाव हे एकक असावे, ही बागाईतदारांची मागणी म्हणूनच रास्त आहे. केवळ खर्चाचे कारण देऊन ती बाजूला ठेवणे पटण्याजोगे नाही.

गारपिटीला वेगळा हप्ता आकारून संरक्षण दिले जाते, आणि तेथे मात्र प्रत्यक्ष बागेची पाहणी होते. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीत या पाहणीची गरज स्पष्टपणे दिसली होती, कारण त्या दिवसांत मृगाची फळे तोडणीला आलेली असतात आणि आंबियाची झाडे फुलोऱ्यात किंवा नुकत्या फळधारणेत असतात. म्हणजे एकच वादळ दोन हंगाम नेते, आणि एकाच शिवाराचा अर्धा भाग सुखरूप राहू शकतो.