फॉस्फो-ईआरके अँटीबॉडी: पार्श्वभूमी

ईआरके हे पेशीत वाढीचा संदेश पुढे नेणारे एन्झाइम; त्यावर फॉस्फेट चढला असेल तरच त्याला चिकटणारी ती फॉस्फो-ईआरके अँटीबॉडी. प्रथिनावर फॉस्फेट चढला की त्याचे काम बदलते, हे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५५ मध्ये ग्लायकोजेन फॉस्फोरिलेजवर दाखवले. मात्र तो फॉस्फेट शोधायला पुढची कित्येक वर्षे किरणोत्सारी फॉस्फरस-३२ शिवाय सोय नव्हती. पेशींना तो द्यायचा, प्रथिन वेगळे काढायचे आणि एक्स-रे फिल्मवर पट्टा उमटायची वाट बघायची.

एकाच प्रकारची अँटीबॉडी हवी तितकी बनवणारे कोहलर आणि मिल्स्टाइन यांचे हायब्रिडोमा तंत्र १९७५ मध्ये आले; प्रथिने आकारानुसार वेगळी करून पटलावर उतरवायची आणि अँटीबॉडीने त्यांचे पट्टे बघायचे, ही वेस्टर्न ब्लॉटची पद्धत १९७९ मध्ये. १९८१ च्या सुमारास फॉस्फोटायरोसिन (फॉस्फेट चढलेले टायरोसिन हे अमिनो आम्ल) ओळखणाऱ्या अँटीबॉडी तयार झाल्या. पण टायरोसिनवर फॉस्फेट असलेले कुठलेही प्रथिन त्यांना चालायचे. नेमके कोणते, हे कळत नसे.

ईआरकेच्या बाबतीत ही अडचण जास्तच बोचणारी होती. मेक हे एन्झाइम ईआरके-१ च्या थ्रिओनिन २०२ आणि टायरोसिन २०४ या दोन्ही जागी फॉस्फेट लावते. दोन्ही असतील तरच ईआरके पुरते सक्रिय होते. (ईआरके-२ मध्ये याच जागा माणसात १८५ व १८७, उंदरा-घुशींच्या क्रमांकनात १८३ व १८५. जुने शोधनिबंध वाचताना हा घोळ हमखास होतो.) या दोन जागांमधले अमिनो आम्ल ईआरकेत ग्लुटामेट; त्याच कुळातल्या जेएनके या एन्झाइममध्ये तिथे प्रोलिन, पी३८ मध्ये ग्लायसिन. एवढ्याशा फरकावर अँटीबॉडीने भाऊबंदांना वेगळे ओळखायचे असते.

त्यासाठी त्या जागेभोवतीचा दहा-पंधरा अमिनो आम्लांचा फॉस्फेटयुक्त पेप्टाइड बनवतात, केएलएच या वाहक प्रथिनाला जोडून सशाला टोचतात. मग सशाच्या रक्तातले अँटीबॉडी असलेले सीरम फॉस्फेट नसलेल्या पेप्टाइडच्या स्तंभातून जाऊ देतात; तिथे अडकते ते टाकायचे, वाहून आलेले फॉस्फो-पेप्टाइडच्या स्तंभावर पकडायचे. पहिली पायरी कच्ची राहिली, तर अँटीबॉडी निष्क्रिय ईआरकेलाही चिकटते आणि उपचार केलेल्या व न केलेल्या पेशींचे पट्टे सारखेच दिसतात.

आज ब्लॉट फसतो तो बहुधा अँटीबॉडीच्या आधीच. पेशी फुटताच फॉस्फेटेज ही एन्झाइम फॉस्फेट काढू लागतात, म्हणून त्यांना थोपवायला पेशी फोडण्याच्या बर्फावरच्या बफरमध्ये १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट आणि १० ते ५० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड हवेच. त्याच बफरमध्ये डीटीटी (क्षपणकारक) किंवा भरपूर ईडीटीए (धातू बांधून ठेवणारे रसायन) टाकले की व्हॅनाडेट निकामी होते, हे बऱ्याच पाककृती विसरतात. ब्लॉकिंगला, म्हणजे अँटीबॉडी पटलावर कुठेही चिकटू नये म्हणून ते आधी प्रथिनाने झाकायला, दुधाऐवजी ५ टक्के बीएसए (गायीच्या रक्तातले अल्ब्युमिन) बरे. दुधातले केसिन स्वतःच फॉस्फोप्रथिन असल्याने पार्श्वरंग वाढू शकतो. प्राथमिक (म्हणजे फॉस्फो-ईआरके) अँटीबॉडी साधारण १:१००० ते १:२००० विरल करून, रात्रभर ४ अंशांवर.

सोबत तीन नमुने हवेत: पोषक द्रवातले सीरम काढून ठेवलेल्या पेशी, ५ ते १० मिनिटे ईजीएफ (ईआरकेला चालना देणारे वाढीचे प्रथिन) दिलेल्या पेशी, आणि यू०१२६ या औषधाने मेक थोपवून मग ईजीएफ दिलेल्या. ४४ आणि ४२ किलोडाल्टनचे जोडपट्टे फक्त दुसऱ्यात ठळक दिसायला हवेत. तिसऱ्यातही तितकेच ठळक दिसले, तर आधी यू०१२६ ने खरेच काम केले का ते तपासा, मगच अँटीबॉडीवर संशय घ्या. एकूण ईआरकेचा (फॉस्फेट असो वा नसो) ब्लॉट तिन्ही नमुन्यांत सारखा आल्याशिवाय यातला कुठलाच फरक मोजू नये.