बुडालेलं भात वाचवणारा जीन ओडिशाच्या देशी वाणात होता
भात पाण्यातच वाढतं, मग त्याला पुराचं काय, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण मुळं पाण्यात असणं वेगळं आणि शेंड्यासकट अख्खं रोप बुडणं वेगळं. बुडालेल्या रोपात इथिलीन वायू साचतो, मग रोप पाण्याबाहेर डोकं काढायला भराभर उंच व्हायला बघतं, त्यात साठवलेली सगळी साखर-स्टार्च खर्च होते आणि पाणी आठवडाभर उतरलं नाही तर पीक गेलंच समजा.

ओडिशातल्या एका देशी वाणातून निवडलेलं एफआर१३ए मात्र उलट वागतं, वाढच थांबवतं आणि साठा जपून ठेवतं, पाणी ओसरलं की परत फुटतं. दोन आठवडे बुडूनही जगतं! पण उत्पादन कमी, त्यामुळे सुरुवातीला क्रॉस केले तेव्हा पूर सोसायच्या गुणासोबत नको ते गुणही आले आणि ते वाण शेतकऱ्यांनी काही घेतले नाहीत.

मग १९९६ मध्ये केनोंग शू आणि डेव्हिड मॅकिल या शास्त्रज्ञांनी हा पूर सोसायचा गुण भाताच्या ९ व्या क्रोमोसोमवर (पेशीतल्या जीन्सच्या धाग्यावर) शोधला, २००६ मध्ये शास्त्रज्ञ पामेला रोनाल्ड यांच्यासोबत नेमका जीन सापडला, सब१ए. आता काम सोपं झालं, स्वर्णा या लोकप्रिय वाणाशी क्रॉस करायचा, त्यातून आलेल्या रोपांमधून डीएनए मार्कर (जीनची ओळख पटवणारी डीएनएमधली खूण) बघून तो जीन असलेलीच रोपं ठेवायची, ती परत स्वर्णाशीच क्रॉस करायची, असं करत करत बाकी सगळं स्वर्णाचं आणि जुन्या वाणाचा फक्त तेवढा तुकडा उरतो. हे जीएम (प्रयोगशाळेत जीन घालून बदललेलं) नाही बरं का, साधा संकरच आहे. स्वर्णा-सब१ २००९ मध्ये भारतात आलं, पूर नसेल त्या वर्षी उत्पादन स्वर्णाइतकंच येतं. ओडिशात दलित शेतकऱ्यांच्या जमिनी बहुतेक सखल, पूर येणाऱ्या भागात, त्यामुळे जास्त फायदा त्यांना झाला, हे मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

त्यामुळे उत्पादन कमी म्हणून जुनं बियाणं नामशेष होऊ देणं फार धोक्याचं आहे, कारण उद्या कुठला गुण लागेल ते आज कोणाला सांगता येणार? आता हेच बघा, पेरल्या पेरल्या पाणी साचलं तर सब१ए काही कामाचा नाही. पाण्याखाली बी उगवायला मदत करणारा वेगळाच जीन लागतो आणि तो मिळालाय म्यानमारच्या खाओ ह्लान ऑन या देशी भातात.