जुन्या वस्तीतलं घरकुल: फॉर्म कुठं अडते आणि काहून अडते

घरकुलाचा फॉर्म परत आला की लोकं पहिले म्हणतात, "पैसे नाही दिले म्हणून झालं". असं कुठं होतच नाही असं मी म्हणत नाही. पण मागच्या दीड-दोन वर्षात परत आलेले जेवढे फॉर्म मी हातात घेऊन पाहिले त्यातले बहुतेक जुन्या वस्तीतले होते. मारोतीच्या देवळामागचे, वाड्याच्या आजूबाजूचे, जिथं मातीच्या भिंती अन् कवेलूची घरं एकमेकाला टेकून उभी आहेत तिथले. गावाबाहेर लेआउटमधे प्लॉट घेणाऱ्याचं काम पटकन होते, त्याच्याजवळ रजिस्ट्री असते. आणि ज्याचा आजा-पणजा त्याच ओसरीवर मेला त्याच्याजवळ दाखवायला कागद नाही. म्हणून हे लिहून राहिलो.

आधी आपण कोणत्या योजनेत बसतो ते पाहा. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडं सिंदेवाही, सावली, गोंडपिपरी, पोंभुर्णा, चामोर्शी, कुरखेडा अशी कितीतरी तालुक्याची गावं २०१५ च्या आसपास ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. गाव तेच, ढोरं तीच, चिखल तोच, पण सरकारच्या हिशोबात ते आता शहर. म्हणून तिथं प्रधानमंत्री आवासची शहरी योजना लागते. खेड्यातला साळा सांगते की आमच्याकडं मोबाईलवर सर्व्हे झाला, आवास प्लसमधे (ग्रामीणच्या यादीत) नाव आलं, आणि हा बिचारा ते ऐकून पंचायत समितीच्या चकरा मारत बसते. तिथं याचं नाव कधीच येणार नाही. ग्रामीणमधे सपाट भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार, शहरीमधे स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा १ लाख, असे अडीच. शहरीमधल्या या प्रकाराला ऑफिसात बीएलसी म्हणतात, तेवढा शब्द लक्षात ठेवा, खिडकीवर कामी येते. खाली जे लिहिलं ते मुख्य करून नगरपंचायतवाल्यांसाठी आहे.

पात्रता एका दमात सांगतो. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखाच्या आत, कुटुंबातल्या कोणाच्याच नावानं भारतात कुठंही पक्कं घर नाही, आणि मागच्या २० वर्षात कोणत्याच सरकारी योजनेतून घर घेतलेलं नाही. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली पोरं. लग्न झालेला मुलगा वेगळं कुटुंब धरतात, त्यामुळं बापाला इंदिरा आवास मिळालं होतं म्हणून मुलगा आपोआप बाद होत नाही, हे बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही. आधार घरातल्या सगळ्यांचं लागते, फक्त अर्जदाराचं नाही. जातीचा दाखला असेल तर जोडा.

एक फसवी अट आहे. ज्यांचं घर २०१५ च्या पहिल्या शहरी योजनेत मंजूर झालं होतं, त्यांनी बांधलं नाही, आणि ३१ डिसेंबर २०२३ नंतर ते वरून रद्द झालं, त्यांना आताच्या दुसऱ्या योजनेत घेत नाहीत. तुमचं नाव जुन्या यादीत होतं का, ते फॉर्म भरायच्या आधी विचारा. सहा महिने वाट पाहून हे उत्तर ऐकायला लय वाईट वाटते, मी लोकांची तोंडं पाहिली आहेत.

आता तारखेचा घोळ. "योजना संपली, ३१ डिसेंबर २०२४ शेवटची तारीख होती" हे अजूनही पानठेल्यावर ऐकू येते. ती तारीख २०१५ मधे सुरू झालेल्या पहिल्या योजनेची होती, आणि तीही आधी मंजूर झालेली घरं पूर्ण करायची. त्याच्या आधी ३१ मार्च २०२२ होती, तेव्हाही लोकं असेच घाबरून दलालाकडं पळाले होते. दुसरी योजना, जिला २.० म्हणतात, १ सप्टेंबर २०२४ पासून ५ वर्षांसाठी आहे. म्हणजे घाई करून अर्धवट कागद टाकण्यापेक्षा दोन महिने लावून कागद नीट करणं परवडते.

दुसरी तारीख उत्पन्नाच्या दाखल्याची. तो काढल्यापासून एक वर्ष चालते असं समजून लोकं फेब्रुवारीत काढतात आणि जूनमधे जोडतात. दाखल्यावरच लिहून असते, ३१ मार्चपर्यंत वैध. वाचत कोणी नाही, आम्हीपण पहिल्या वेळी वाचलं नव्हतं. आणि त्या दाखल्याच्या प्रतिज्ञापत्रासाठी ५०० चा स्टॅम्प आणा असं कोणी म्हटलं तर विचारा कशासाठी. सरकारी कार्यालयात द्यायच्या अशा प्रतिज्ञापत्राला २००४ पासूनच मुद्रांक शुल्क माफ आहे, २०२५ मधे महसूल मंत्र्यांनी ते पुन्हा सांगितलं. तरी मागतात. साध्या कागदावर चालते.

आता येतो तो कागद, ज्याच्यावर खरं घोडं अडते. जागेचा पुरावा.

जुन्या वस्तीतल्या माणसाला विचारा जागेचा काय कागद आहे, तो पेटीतून पिवळी पडलेली घरटॅक्सची पावती काढते, नाहीतर ग्रामपंचायतीच्या जमान्यातला नमुना ८. आणि त्याला खरंच वाटते की हा मालकीचा कागद आहे, कारण तीन पिढ्यांपासून पैसे भरून राहिले ना बापा. पण नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, टॅक्स कोणाकडून घ्यायचा एवढंच ती सांगते. सातबारा मागावा तर गावठाणातल्या घराला सातबारा नसते. आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मागतात, तर ती जिथं सिटी सर्व्हे झाला किंवा नझूलची, म्हणजे गावातल्या सरकारी जागेची, शीट आहे तिथंच निघते. स्वामित्व योजनेत २४ एप्रिल २०२० पासून ड्रोन उडवून गावठाणं मोजली, सनदा वाटल्या, पण ती योजना खेड्यांसाठी. तुमचं गाव त्याच्या पाच वर्ष आधीच कागदावर शहर होऊन बसलं. म्हणजे शेजारच्या दोनशे घरांच्या खेड्यात सनद आहे, तालुक्याच्या गावात नाही. आणि खिडकीतला माणूस म्हणते "मालकीचा पुरावा आणा". कुठून आणायचा, ते त्यालाही माहीत नसते.

तर काय करायचं. पहिले भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक ऑफिसात जाऊन आपल्या जागेचं काय आहे ते विचारा: शीट नंबर-प्लॉट नंबर आहे का, नसेल तर जागा गावठाणाच्या हद्दीत आहे का. हद्दीत असेल तर गावठाणाच्या नकाशाची नक्कल अर्ज करून घ्या. ती, नगरपंचायतीचा चालू आकारणी उतारा, आणि जुन्या जेवढ्या सापडतील तेवढ्या पावत्या एकत्र लावा. मग नगरपंचायतीला लेखी अर्ज द्या की माझी जागा गावठाणात आहे, आखीव पत्रिका निघत नाही, घरकुलासाठी याच्याऐवजी कोणता पुरावा चालेल ते लेखी कळवा. पोच घ्या. तोंडी विचारलं तर तीन टेबलवर तीन उत्तरं भेटतात. लेखी मागितलं की माणूस विचार करून बोलते, एवढं मी नक्की पाहिलं.

नझूल असेल तर पट्ट्याची मुदत पाहा. आज्याच्या नावाचा ३० वर्षांचा पट्टा कधीचा संपलेला असते आणि घरात कोणाला पत्ता नसते. सरकारी जागेवरचं राहतं अतिक्रमण १ जानेवारी २०११ च्या आधीचं असेल तर नियमित करायची तरतूद आहे, त्यासाठी तेव्हाची मतदार यादी, लाईट बिल असं काही शोधून ठेवा.

पण पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, एक वेगळंच भूत आहे, झुडपी जंगल. गावाला लागून असलेल्या टोल्या, कधी कधी अख्खे वार्ड, कागदावर झुडपी जंगल असतात, झाड एक नाही. सुप्रीम कोर्टानं २२ मे २०२५ ला सांगितलं की ही जमीन वनच धरायची, आणि १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्यानं जी वाटप केली तिच्यासाठी राज्यानं केंद्राकडं मंजुरी मागावी. इथं लोकं चुकीचं वाचून राहिले. "आम्ही १९९० पासून राहतो" म्हणजे झालं असं नाही, वाटप झालं होतं का हा प्रश्न आहे. वाटपाचा आदेश घरात कुठं असेल तर तो सोन्यासारखा सांभाळा, आणि अशा जागेवर घरकुल मंजूर करून देतो म्हणणाऱ्या माणसाला एक रुपया देऊ नका.

जागा गावठाणातली निघाली तरी नाव कोणाचं? नव्वद टक्के वेळा (हा माझा अंदाज, सरकारी आकडा नाही) उताऱ्यावर मेलेल्या माणसाचं नाव असते. घर आज्याच्या नावानं, बाप गेला, तीन भाऊ मधे कूड घालून राहतात, तिघांना तीन घरकुलं पाहिजेत. आधी मृत्यू दाखले काढा. आज्याचाही लागते, आणि तो कुठल्या साली कुठं मेला इथूनच भांडण सुरू होते. मग वारसांची नोंद, आणि वारसात बहिणी येतात. २००५ पासून वडिलांच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. बहीण सोडायला तयार असेल तर हक्कसोडपत्र ५०० च्या स्टॅम्पवर होते, पण ते दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलं पाहिजे. नोटरीसमोर केलेलं चालत नाही, त्याच्यावर दोन-तीन हजार घालवून बसलेले मी कितीतरी पाहिले. काही ठिकाणी हक्कसोडाऐवजी सगळ्यांचं संमतीपत्र घेतात, ते आधी विचारून घ्या. आणि एक हात जोडून सांगतो, राखीला आलेल्या बहिणीचा अंगठा "घरकुलाचा कागद आहे" म्हणून घेऊ नका. तिला नीट वाचून दाखवा. बहुतेक बहिणी हो म्हणतात. ज्या नाही म्हणतात त्यांना तो हक्क आहे.

भावांची वाटणी करताना माप पाहा. घर ३० चौरस मीटर चटईचं तरी पाहिजे, म्हणजे ३२३ चौरस फूट, भिंती सोडून. जुन्या घराची पट्टी १२ फूट रुंद अन् ४० लांब असते, त्याचे तीन तुकडे केले तर कोणाचंच बसत नाही. अशा वेळी एकानं तळमजला दुसऱ्यानं वरचा मजला असं जमते का, हे इंजिनिअरला फॉर्मच्या आधी विचारा, वाटणीनंतर नाही.

बांधकाम परवानगीला घाबरायचं कारण नाही. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला राज्याच्या एकत्रित नियमावलीनं सोपी पद्धत दिली आहे, नकाशा जोडून सूचना द्या, फी भरा, पावती घ्या. बँकेचं मात्र पाहा: खात्याला आधार जोडलं असणं आणि सरकारी पैसे त्याच खात्यात उतरणं या दोन गोष्टी वेगळ्या. लाडक्या बहिणीच्या वेळी कोणी पोस्टात, कोणी दुसऱ्या बँकेत खातं काढलं, पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात आणि बाई जुनं पासबुक भरून भरून थकते. नावही सारखं पाहिजे, आधारवर सुमनबाई अन् उताऱ्यावर सुमन असेल तरी अडवतात.

मंजुरी आली तरी जुनं घर लगेच पाडू नका. कार्यादेश, म्हणजे बांधकाम सुरू करायचा लेखी आदेश, हातात पडू द्या, जुन्या घरासकट जागेचा पहिला फोटो जिओटॅग होऊ द्या, मग कुदळ मारा. हप्ते टप्प्याटप्प्यानं येतात, पाया, लिंटल, छत, प्रत्येक वेळी फोटो झाल्याशिवाय पुढचा पैसा नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या जोडप्यानं यादीत नाव दिसल्याबरोबर एप्रिलमधे कवेलू उतरवले, भिंती पाडल्या. आदेश आला आखाडीनंतर. दोन महिने ताडपत्रीखाली, अन् शेजाऱ्याची मातीची भिंत आधार गेल्यामुळं अर्धी खचली ते भांडण वेगळं. शेजाऱ्याची भिंत तुमच्या भिंतीवर टेकली असेल तर पाडायच्या आधी त्याच्याशी बोला आणि बल्ल्या लावा. सागाच्या फाट्या, दारं, कवेलू विकायची घाई नको, त्यातूनच पाहिजे तर तात्पुरती झोपडी होते.

गल्लीत ट्रॅक्टर शिरत नाही, त्यामुळं रेती रोडवर टाकून घमेल्यानं आत न्यावी लागते, ती मजुरी कोणत्याच अंदाजपत्रकात नसते, आठ-दहा हजार बाजूला ठेवा. रेती मात्र विकत घ्यायच्या आधी तहसीलला अर्ज करा. २०२५ च्या रेती धोरणात घरकुलवाल्याला ५ ब्रासपर्यंत मोफत आहे, वाहतूक तुमची. कार्यादेशाची झेरॉक्स जोडा, आणि पावसाळ्यात घाट बंद असतात म्हणून तो अर्ज दिवाळीच्या आत टाकून ठेवा.