चुंबकाच्या आलेखात पायऱ्या कुठून आल्या?

साताऱ्यात बीएस्सीच्या कुठल्याही पोराला हिस्टेरेसिसचा लूप (बाहेरचं चुंबकीय क्षेत्र, म्हणजे फील्ड, वाढवत-उतरवत नेलं की चुंबकत्व कसं मागे रेंगाळत बदलतं त्याचा आलेख) काढायला सांगा, गुळगुळीत वळणच काढणार, आणि लोखंडाचा तसाच येतो. पण 1996 ला न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधले फ्रीडमन, साराचिक आणि त्यांच्या सोबतच्यांनी मँगनीज-12 अ‍ॅसिटेटचा लूप मोजला तर त्यात चक्क पायऱ्या निघाल्या. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या लोकांनाही एकाच क्रिस्टलमध्ये हेच दिसलं.

ह्या रेणूत 12 मँगनीज असतात, बाहेरच्या कड्यातले 8 एका दिशेला आणि आतले 4 उलट, बाहेरच्या प्रत्येकाचा स्पिन (अणूच्या चुंबकपणाचं माप) 2 आणि आतल्या प्रत्येकाचा दीड, म्हणजे 16 वजा 6, एकूण 10. अख्खा रेणूच एक चुंबक! (अ‍ॅसिटेट म्हणजे आपल्या व्हिनेगरमधल्या अ‍ॅसिडचंच पिल्लू.) हे चुंबक वर किंवा खाली तोंड करून बसतं, मधे ऊर्जेचा डोंगर, तापमानाच्या भाषेत साधारण 60-65 केल्विनचा. 2 केल्विनला, म्हणजे उणे 271 सेल्सियसला, उलटं व्हायला महिने लागतात.

आता खंबाटकीचा जुना रस्ता आठवा. पुण्याहून साताऱ्याला येताना घाट चढावा लागायचा, जाताना बोगदा. रेणूलाही हे दोन्ही रस्ते आहेत, फक्त ह्याचा बोगदा (क्वांटम टनेलिंग, डोंगर न चढता आरपार जाणं) कुणी खोदलेला नाही आणि तो कायम उघडाही नसतो. वर-खाली मिळून ऊर्जेच्या 21 लेव्हल, फील्ड बदललं की त्या सरकतात, डोंगराच्या अलीकडची एखादी लेव्हल पलीकडच्या एखादीच्या बरोबर समोर आली तरच पार जाता येतं, आणि तसं फील्डच्या दर 0.45 टेस्लाच्या (टेस्ला हे फील्डचं एकक) आसपास होतं, तिथं रेणू भराभर उलटतात, तिथंच पायरी. बरेचदा रेणू उष्णतेच्या जोरावर थोडा घाट चढतो आणि मग वरच्या बोगद्यात शिरतो.

मला भारी वाटतं ते वेगळंच. फील्ड शून्य असताना लेव्हल समोरासमोर असतात, थोडं फील्ड उलट्या बाजूने लावलं की त्या सरकतात आणि चुंबक उलटायचा वेग वाढायच्या ऐवजी कमी होतो! ढकलताय आणि ते जास्त अडून बसतंय. आणि क्रिस्टलमधले रेणू जवळपास एकसारखे, एकाच दिशेला लागलेले, म्हणून हे क्वांटमचं प्रकरण साध्या मोजणीत दिसतं, नाहीतर सगळं एकमेकांत मिसळून परत गुळगुळीत वळण.

लोखंडाच्या 8 अणूंच्या दुसऱ्या एका रेणूत तर 0.4 केल्विनच्या खाली वेग तापमानावर अवलंबूनच राहत नाही, म्हणजे घाट बंद, फक्त बोगदा.

अशा रेणूंत माहिती साठवायची म्हटलं तर मात्र टनेलिंग म्हणजे गळती. म्हणून केमिस्ट लोक ती बंद करायच्या मागे आहेत, 2018 मध्ये डिस्प्रोसियम ह्या धातूच्या एका रेणूने 80 केल्विनला लूप दाखवला, लिक्विड नायट्रोजन उकळतो त्या 77 केल्विनच्या वर.